सूर्याच्या मधोमध डाग

ज्याची रात्र दुसऱ्याच्या चाकरीत जाते त्यानं ताऱ्यांचं वेड लावून घेऊ नये. पण वेड काय कोणाला विचारून लागतं? मिथुन मेश्राम हा चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टी नाटकातला लाईटवाला. दिवाळी झाली की वडशाहून नाटक कंपनीची गाडी निघायची. तिच्यात पडदे, पेट्या, नट-नट्या, आणि सगळ्यात मागे, हॅलोजनच्या खोक्यांना पाठ टेकून, मिथुन. होळीपर्यंत हेच. गावोगावी रात्रभर नाटक चालायचं आणि रात्रभर याचे हात डिमरच्या दांड्यांवर. वर आभाळ चांदण्यांनी भरलेलं असायचं, पण यानं मान वर केली की इकडे नायिकेच्या तोंडावर अंधार व्हायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. म्हणून त्यानं आपल्यापुरती वाटणी करून टाकली होती. रात्रीचे सगळे तारे कंपनीला, दिवसाचा एक तारा आपल्याला.

चंद्रपूरच्या एका रिटायर मास्तरांनी आपली जुनी दुर्बीण त्याला देऊन टाकली होती. तिच्या मागे कॅमेरा जोडून मिथुन सूर्याचे फोटो काढायचा. बाकीची मंडळी जागरणानं मेल्यासारखी झोपलेली असताना हा सकाळच्या उन्हात तिपाई मांडून उभा. कंपनीचे मालक श्रावणभाऊ त्याला चिडवायचे. "लोकं सूर्याले पाणी देते, अन तू त्याचा फोटो काढून राह्यला. पासपोर्ट बनवून देतं का त्याले?"

आता सूर्याचा फोटो म्हणजे मोबाईल उचलला आणि काढला, असं नसतं. दुर्बिणीच्या तोंडावर खास चंदेरी फिल्म लावावी लागते. ती उजेड आणि ऊन दोन्ही बाहेरच्या बाहेर परतवते आणि चिमूटभर तेवढं आत सोडते. ती फिल्म मिथुननं नागपूरहून आणली होती. तिच्या जोडीला त्याचा स्वतःचा एक उद्योग होता. लाईटवाल्याजवळ रंगीत जिलेटीनच्या कागदांना काय तोटा? दिव्यापुढे लावायचे तेच कागद कापून तो मागे, कॅमेऱ्याजवळ लावायचा. हिरवा लावला की सूर्याच्या अंगावरचे दाणे उमटायचे, साबुदाण्याच्या खिचडीसारखे. हिरव्यावर हिरवा चढवला की दाणे गडद व्हायचे, पण चित्र जरा भुरकटायचं. धानकापणीच्या धुरकट दिवसांत नारिंगी कामाला यायचा. कोणता कागद पुढे, कोणता मागे, किती थर, यातच त्याची सकाळ जायची, आणि त्या सकाळी तो खरोखर सुखी असायचा.

त्याचा नियम एकच होता. कोणी विचारलं की ऐकवायचा, नाही विचारलं तरी ऐकवायचा. "पुढची फिल्म म्हणजे घराचं दार. मागचे कागद म्हणजे पडदे. दार पक्कं लागलं असलं का मंग पडद्यासंगं कितीबी खेळा."

कंपनीची नायिका पुनम हिला ना दाराशी घेणं होतं, ना सूर्याशी. तिची तक्रार वेगळी होती. "मिथुनभाऊ, सूर्याचं राहू द्या, तुमच्या रातीचं काई करा. निळा कागद लावून तुमी थंडीची रात दाखवता, अन मी तिथी घामानं वल्ली होऊन राह्यली. तोंडाचा रंग वघळते सारा."

"कागद रंग बदलते, बाई," मिथुन म्हणाला होता. "दिव्याचं ऊन थोडी अडवते?"

हे त्याचेच शब्द. पण माणसाला स्वतःचं बोलणं वेळेवर आठवलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं!

मिथुनची आई गिरजाबाई वैनगंगेच्या काठच्या त्यांच्या गावात एकटी राहायची. मार्कंड्याचं देऊळ तिथून जवळच. तिचा डावा डोळा साखरेनं खाल्ला होता. अगदी आंधळा नव्हता तो, कडेकडेनं दिसायचं, पण जिथे पाहायचं नेमकं तिथे काही नाही. उजव्यावर तिचं सगळं चालायचं. तांदळातले खडे, विहारातल्या मुलींच्या ओढण्यांची तुरपाई, बसचा बोर्ड. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याचीही खात्री नाही, जे पाहायचं ते पाहून घ्या. आणि गिरजाबाईला पाहायचं होतं ते एकच. ग्रहण.

कारण मिथुन पोटात होता तेव्हा मोठं सूर्यग्रहण आलं होतं. घरात धम्म आला होता, भिंतीवरचे फोटो बदलले होते, पण सासूच्या मनातली ग्रहणाची भीती काही हलली नव्हती. तिनं भर दुपारी गिरजाबाईला धानाच्या कोठीमागे कोंडलं, खिडकीवर गोणपाट ठोकलं. पाण्याचा घोट नाही, हालचाल नाही. बाहेर पाखरं गप्प झाली आणि कोंबड्या अवेळी खुराड्याकडे धावल्या, एवढं तिनं आवाजावरून ओळखलं. त्या अंधारात ती रडली होती, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सासू पुढे कित्येक वर्षं मिरवायची, "माह्या नातवाले मी ग्रहणातून काढलं." सासू गेल्यावर गिरजाबाई त्याला आपलं शेपूट जोडायची, "अन मले ग्रहणातच ठेवलं."

"बापा, तू सूर्याचे एवढे फोटो काढतं," ती मिथुनला म्हणाली होती. "मले एक ग्रहण दाखव. डोळा हाये तोवर."

मिथुननं शब्द दिला होता.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्य मावळताना, ग्रहण लागणार होतं. योग असा की हंगामाचं पहिलं नाटकही त्याच्याच गावी ठरलेलं, ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी. यानंतरचं असं ग्रहण काही वर्षांनी येणार होतं, आणि आईच्या डोळ्याजवळ तेवढी वर्षं नव्हती. सगळं जुळून आलं होतं. मग मिथुननं दसऱ्यानंतर कंपनीच्या गोदामातून दुर्बिणीची पेटी काढली, तर उंदरांनी फिल्म कुरतडून तिची चाळणी केलेली. तिथे नाटकाच्या दाढ्या होत्या, मिशा होत्या, राक्षसाचे केस होते. पण नाही! मेल्यांना नेमकी फिल्मच गोड लागली.

नागपूरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, माल दिवाळीनंतर.

आता इथे मिथुननं आईला एक वाक्य सांगायला पाहिजे होतं. आई, यावेळी नाही जमत. ती दोन दिवस रुसली असती, तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं असतं, जेवला का? पण एवढं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. त्यानं जिलेटीनच्या कागदांचा गठ्ठा उघडला.

लाल कागद फक्त लाल उजेड सोडतो, हिरवा फक्त हिरवा. लालवर हिरवा ठेवला की दोघांच्या भांडणात उजेड बाहेरच राहतो. वरून गडद निळा चढवला की काळोख. दिवा न विझवता मंचावर अंधार आणायची ही त्याची ठेवणीतली युक्ती होती, आणि तिच्यावर त्याला टाळ्याही मिळाल्या होत्या. त्यानं तीन रंगांची चळत पुठ्ठ्याच्या चकतीत बसवली आणि दुर्बिणीच्या तोंडावर टोपी करून घातली. डोळा लावला. काळ्या आभाळात एक तांबूस, मवाळ, शांत सूर्य. डोळ्याला जराही टोचत नव्हता. मिथुनला इतका आनंद झाला की तो एकटाच हसला. आपण पडद्यांचंच दार केलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

कॅमेऱ्यानं मात्र सांगून पाहिलं. मागे कॅमेरा जोडला तर चित्रात सूर्य नाहीच, नुसता गुलाबी-पांढरा भडका. त्यानं सगळी बटणं फिरवली, भडका काही जाईना. डोळ्याला अंधार दिसतो आणि कॅमेऱ्याला आग दिसते, तर यातलं कोण खरं? दुसऱ्या कोणाला शंका आली असती. पण मिथुन लाईटवाला. त्याची सगळी कमाई डोळ्याची. मंचावर किती उजेड पाहिजे ते तो मशीनला विचारत नसे. "कॅमेरा खोटं बोलते. म्हातारा झाला," असं म्हणून त्यानं कॅमेरा पिशवीत टाकला आणि रोज सकाळी उजव्या डोळ्यानंच सूर्य पाहू लागला. डोळ्यातून जरा पाणी यायचं. त्यानं ते जागरणावर ढकललं.

ग्रहणाच्या तीन-चार दिवस आधी त्याला डाग दिसला. सूर्याच्या बरोबर मधोमध, करडा, काठ विरलेला, चांगला मोठा. सूर्यावर डाग पडतात, त्यानं कितीतरी टिपले होते, पण इतका मोठा कधी नाही. त्यानं लगेच आईला फोन लावला. "आई, तुह्या नशिबात ग्रहण बी हाये अन डाग बी हाये. मधोमध! भल्ला मोठा."

"कोणाले दिसला का अजून?" आईनं विचारलं.

"मलेच दिसला पह्यल्यांदा."

दुसऱ्या दिवशी डाग मधोमधच. तिसऱ्या दिवशीही. सूर्य फिरतो आणि त्याच्यासोबत डाग रोज थोडा सरकतो, हे मिथुनला पाठ होतं. जुन्या फोटोंत त्यानंच ते पकडलं होतं. पण माणसाला आनंद झाला की तो आपलंच शिकलेलं बाजूला ठेवतो. त्याला आईला काहीतरी मोठं द्यायचं होतं, आणि सूर्यानंही हात सैल सोडला, असं त्याला वाटत होतं.

ग्रहणाच्या दिवशी दुपारी कंपनीची गाडी गावात आली. त्याची बायको पोरीला घेऊन दिवाळीसाठी माहेरी गेलेली, त्यामुळे मिथुन सरळ आईकडे जेवला आणि मैदानावर आला. बांबू उभे झाले होते, मंचाच्या फळ्या पडल्या होत्या, पण श्रावणभाऊंनी काम थांबवलं. "ग्रहण सुटल्याबिगर नारळ नाई फुटत," असं सांगून ते गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. गावातही दारं लागत होती. पाण्याच्या माठांवर तुळशीची पानं पडली होती. ग्रहण सुटल्यावर नदीवर आंघोळीला जायचं म्हणून लोकांनी कपडे काढून ठेवले होते. मैदानाशेजारच्या घरची सून सोमारी, दिवस भरत आलेली, अर्ध्या दारामागे नुसती सावलीसारखी दिसत होती.

अशा वेळी गिरजाबाई दिवाळीची नवी साडी नेसून, एका हातात प्लास्टिकची खुर्ची आणि दुसऱ्यात चहाचा ग्लास घेऊन भर मैदानात आली. खुर्ची दुर्बिणीजवळ मांडली, बसली, आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असा मोठा भुरका मारला. ग्रहणात खाऊ-पिऊ नये म्हणतात ना, घ्या! पुनम फळ्यांवर बसली होती, तिला हसू आवरेना.

"हास, पोरी," गिरजाबाई म्हणाली. "मी बाहेर बसून चहा पेऊन राह्यली. हे पाहाले माही सासू पाह्यजे होती."

सूर्य धानाच्या बांध्यांवर उतरत होता. मिथुननं टोपी घट्ट बसवली, डावा डोळा मिटला, उजवा दुर्बिणीला लावला. तांबूस सूर्य, मधोमध तो डाग, आणि एका कडेला चंद्राचा घास. कोणीतरी भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा. आईला शोधत बसावं लागू नये म्हणून त्यानं दुर्बीण हळूच फिरवून घास बरोबर मध्ये आणला आणि नीट पाहिलं.

डाग घासावर आला होता.

त्याला वाटलं, आपली नजर हलली. त्यानं सूर्याच्या वरच्या काठाकडे पाहिलं. काठ पुसला गेला, डाग तिथे. खालच्या काठाकडे पाहिलं, डाग तिथे. सूर्याचा डाग सूर्यावर असायला पाहिजे. हा तर नजरेच्या मागे कुत्र्यासारखा फिरत होता.

मिथुननं डोकं वर उचललं. सवयीनं डावा डोळा अजून मिटलेलाच होता. त्यानं आईकडे पाहिलं. खुर्ची दिसली, साडीचा काठ दिसला, ग्लास धरलेली बोटं दिसली. चेहऱ्याच्या जागी राखेचा गोळा होता.

"झालं का? सरक मंग," त्या गोळ्यातून आवाज आला, आणि आई दुर्बिणीवर वाकली.

मिथुनचा हात मध्ये कसा गेला ते त्यालाही कळलं नाही. आईच्या डोळ्याच्या आणि काचेच्या मध्ये त्यानं तळहात घातला. तळहातावर इंगळ ठेवल्यासारखं भाजलं. तो ओरडला, पण हात काढला नाही. दुसऱ्या हातानं त्यानं आईचा खांदा मागे लोटला.

"हात काढ न."

"नाई."

"अरे बापा, डुबून राह्यला सूर्य. पाहू दे."

"नाई पाहाचं!" तो इतक्या जोरानं ओरडला की गाडीतल्या श्रावणभाऊंनीही मान वळवली.

गिरजाबाई सरळ झाली. तिच्या तोंडावरचा सगळा उत्साह उतरला. सगळ्यांसमोर, अर्ध्या दारामागून पाहणाऱ्या बायांसमोर, पोटच्या पोरानं तिला ढकललं होतं. ती हळू बोलली, पण प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला. "तुही आजी बी असीच वरडली होती. हेच बोलली होती. मले वाटे, माहा पोरगा उजेडाचं काम करते."

मिथुनच्या काळजात ते रुतलं. पुनम धावत आली, तिनं त्याचा हात धरून उलटा केला. तळहाताच्या मध्ये लाल गोल उठला होता. "मिथुनभाऊ, हे पोयलं कशानं? आतमधी तर अंधार हाये न?"

आणि पुनमच्या तोंडून ते ऐकताना मिथुनला तिचा घाम आठवला. निळी रात्र, वघळणारा रंग. कागद रंग बदलते, बाई, दिव्याचं ऊन थोडी अडवते. तीन कागदांनी उजेड अडवला होता. ऊन, डोळ्याला न दिसणारी ती धग, जसंच्या तसं आरपार आलं होतं, दुर्बिणीनं ते गोळा केलं होतं, आणि इतके दिवस मिथुन ते निवांत, अंधार समजून, डोळ्यात ओतून घेत होता. टोचलं असतं तर पापणी मिटली असती. त्यानं टोचणंच काढून टाकलं होतं. पुढे डॉक्टरांनी मशीनमध्ये पाहून हेच सांगितलं, की आतला पडदा बरोबर मधोमध भाजला आहे, थोडं भरून येईल, सगळं येईल असं नाही.

तो आईसमोर खाली बसला, मातीतच. "आई, भेवापायी नाई थांबवलं तुले. माह्या कागदानं उजेड अडला, ऊन नाई अडलं. तो डाग सूर्यावर नोहता. माह्या डोळ्यात हाये तो."

गिरजाबाईनं ग्लास खाली ठेवला. ठेवताना तो कलंडू नये याची काळजी घेतली. "कोणता डोळा?"

"उजवा."

"अन हेच मले दाखवत होता."

"हो," मिथुन म्हणाला. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटत होती, जे झालं त्याची नाही, जे एका क्षणानं राहिलं त्याची. तिचा तो एकच डोळा.

गिरजाबाई रागावली नाही, रडली नाही. तिनं खुर्ची उचलली, फिरवली, आणि सूर्याकडे पाठ करून बसली. एवढंच केलं. पण ती पाठ मिथुनला पाहवेना. नवी साडी, नीट चापून घेतलेला पदर, आणि समोर पाहायला काय, तर रिकामा मंच आणि गुंडाळून ठेवलेला पांढरा पडदा.

ती पाठ आणि तो पडदा एका रांगेत होते. मिथुन उठला.

"सुकलू!" त्यानं पडदेवाल्याला हाक मारली. "पांढरा पडदा सोड. इथी, आईच्या पुढं. अन विंगेचे काळे कपडे आण, दोन्ही बाजूनं धरा. अंधार पाह्यजे मले." सुकलूनं श्रावणभाऊंकडे पाहिलं. श्रावणभाऊंनी काचेतूनच हात हलवला, कर म्हणून. काळी कापडं ताणली गेली. मिथुननं जिलेटीनची टोपी ओढून काढली आणि मातीत फेकली. आता ना फिल्म, ना कागद, आणि ना कोणाचा डोळा. "दुर्बिणीच्या मांगं कोणी येजो नका!" तो ओरडला. दुर्बिणीची सावली पाहून पाहून त्यानं तिचं तोंड सूर्याकडे आणि मागचं टोक पडद्याकडे वळवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सूर्याकडे एकदाही न पाहता सूर्य धरला.

पडद्यावर ताटाएवढा सूर्य उतरला. काठ थरथरत होता, आणि एका बाजूनं चंद्राचा काळा घास, स्वच्छ, गोल, हळूहळू आत शिरणारा.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला आणि श्रावणभाऊ पायात चप्पल न घालताच आले. "मिथुन," ते कुजबुजले, "हा स्पॉट कुठून मारला बे?" एरवी यावर मंडळी हसली असती.

गिरजाबाई खुर्चीतून उठली. बाजूनं पडद्याजवळ गेली, इतकी जवळ की पडद्यावरच्या सूर्याचा उजेड तिच्या कपाळावर आला. उजव्या डोळ्यानं तिनं तो घास वरून खाली, खालून वर पाहिला, तांदूळ निवडताना पाहायची तसा. मग बोट लावून पाहिलं. "भाजत नाई," ती स्वतःशीच म्हणाली. आणि जरा वेळानं, "एवढंच होतं का गा? एवढ्यासाठी मले कोंडलं?"

मिथुननं सूर्याच्या मागे मागे दुर्बीण जराशी सरकवली.

"तू फोनवर सांगे तो डाग कुठी हाये?"

"नाई, आई. साफ हाये सूर्य."

तिनं मान हलवली. मग मागे वळून अर्ध्या दाराकडे पाहिलं. "सोमारी, ये वं. आभाळात नको पाहू, कापडावर पाह्य. काई नाई होत. हा माहा पोट्ट्या पोटात होता तवा अंधारातच होता, तरी याचं जे झालं ते याच्याच हातानं झालं." सोमारीची सासू आतून काहीतरी म्हणाली. दार उघडलं नाही, पण लागलंही नाही. त्या फटीतून पडदा दिसत होता, आणि फट सूर्य बुडेपर्यंत तशीच राहिली.

सूर्य घासासकट बांध्यांमागे गेला. पडद्यावरचं ताट लाल झालं, मळकं झालं, विझलं. लोक नदीकडे आंघोळीला निघाले. सुकलू काळी कापडं घडी घालू लागला. श्रावणभाऊंनी मिथुनच्या पाठीवर हात ठेवला आणि नारळ शोधायला गेले. उद्या लाईट कोण करणार, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता, तो त्यांनी त्या वेळी काढला नाही.

मिथुन फळीवर बसला होता. आई समोर येऊन उभी राहिली. अजून संधिप्रकाश होता. तिनं त्याची हनुवटी धरली, तो लहान असताना शाळेत पाठवण्याआधी धरायची तशी, आणि तळहातानं त्याचा डावा डोळा झाकला.

"दिसून राह्यली का मी?"

मिथुनला खोटं बोलायचं होतं. "कडेकडेनं दिसतं, आई," तो म्हणाला. "मधात तू नाई." आणि मग त्याला रडू आलं, लाईटवाल्याला मंडळीसमोर यायला नको तसं.

तिनं हात काढला नाही. रडू दिलं. मग म्हणाली, "माह्या तोंडाकडं नको पाहू. जिथी पाह्यशील तिथंच खड्डा पडते. माह्या कानाकडं पाह्य. कानाच्या बी जरा मांगं."

"काऊन?"

"पाह्य तं. माहा डावा असाच होय. किती वर्स झाले, मी तुले असीच पाह्यतो."

मिथुननं नजर सरकवली. तिच्या कानाकडे, कानाच्या मागे, काळ्या पडत चाललेल्या झाडांकडे. करडा गोळा नजरेसोबत तिकडे गेला. आणि बाजूला, धुक्यातून यावा तसा, आईचा चेहरा आला. नाकडोळे नीट नव्हते, पण ती होती.

"आली का मी?" तिनं विचारलं.

"आली."

"मंग चाल, घरी चाल. हाताले हळद लावतो."